गव्हाणीतला देव आणि दारातला प्रश्न

नाताळच्या मंगल दिवशी ख्रिस्ती घरांतून गव्हाणीची आरास मांडली जाते. तिचा अर्थ आम्हांस असा वाटतो, की ख्रिस्ती श्रद्धेचा देव केवळ आकाशवाणी करून थांबला नाही. रोमन साम्राज्याच्या शिरगणतीच्या काळी, एका परतंत्र लोकांत, बेथलेहेम गावी तो जन्मास आला. ज्याच्या जन्माला गाव आणि काळ आहे, त्याचे चिंतन करणाऱ्या ईश्वरविज्ञानासही गाव आणि काळ असणारच. पाहावयाचे ते इतकेच, की त्या गावातील कोणाचे गाऱ्हाणे ते ऐकते.

आपल्या मराठीपुरते बोलावयाचे, तर ही कथा गोमंतकात सुरू होते. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीत राहून ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. तेथील देवळे त्यापूर्वीच पाडली गेली होती. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे का देत नाही, असा एका नवख्रिस्ती ब्राह्मणाचा प्रश्न ग्रंथाच्या आरंभीच येतो. त्यास उत्तर म्हणून ख्रिस्तकथा ओवीत अवतरली आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणू लागली. हे उत्तर सुंदर होते. परंतु ज्या सत्तेने हा प्रश्न निर्माण केला, तिच्याच छायेत ते दिले गेले, हेही विसरता येत नाही.

त्या छायेतून बाहेर पडण्याचा यत्न रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी केला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्तभक्ती अभंगांतून गाइली. आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही तेथे स्थान होते. ख्रिस्त आपला असेल, तर त्याच्या सेवेची भाकरीही आपलीच असावी, हाच या त्यागाचा अर्थ नव्हे काय?

पुढे दूरच्या लॅटिन अमेरिकेत हाच विचार निराळ्या वाटेने प्रकटला. पेरू देशातील धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी १९७१ साली मुक्तीच्या ईश्वरविज्ञानावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. देवाचे चिंतन दरिद्री माणसाच्या बाजूस उभे राहून करावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८४ साली रोमने या विचारातील मार्क्सवादी छटांवर कठोर आक्षेप घेतले. तरीही गरिबांचा कैवार हा विषय चर्चला पुन्हा दृष्टिआड करता आला नाही.

भारतात मात्र दारिद्र्याहूनही खोल अशी एक जखम होती, ती जातीची. तमिळनाडूतील काही गावांत दलित ख्रिस्ती जनांच्या दफनभूमीदेखील वेगळ्या राहिल्या. एका प्रभूच्या मेजावर बसणाऱ्यांना मातीत मात्र एकत्र विसावता येऊ नये, याहून विपरीत ते काय! १९८१ साली बंगळूर येथील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी या वेदनेला शास्त्राची वाणी दिली. भारतातील ख्रिस्ती समाजात दलितच बहुसंख्य असता येथील ईश्वरचिंतन उच्चवर्णीयांच्या दर्शनांशीच संवाद करीत राहिले, असा त्यांचा आक्षेप होता. त्यातून ‘दलित ईश्वरविज्ञान’ उदयास आले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आणि मराठी दलित साहित्याने ज्या शब्दास स्वाभिमानाचे तेज दिले, तोच शब्द आता जगभरच्या धर्मविद्यालयांत शिकविला जातो. साष्टीत जगाचा धर्मविचार मराठीत आला होता. येथे मराठी मातीतील शब्द जगाच्या धर्मविचारात गेला.

लूकच्या शुभवर्तमानानुसार जन्माची वार्ता प्रथम पोचली, ती रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. यंदा गव्हाण सजविताना त्यांच्या मूर्ती आपण आठवणीने मांडूच. परंतु आजचे ते मेंढपाळ आपल्या मंदिरात कोणत्या रांगेत बसतात आणि मेल्यावर कोठे पुरले जातात, एवढे प्रत्येक धर्मसभेने या पवित्र रात्री स्वतःस विचारावे, अशी आमची नम्र विनंती आहे. सर्व वाचकांस नाताळच्या हार्दिक शुभेच्छा!