‘अडकलोय’ म्हणायची सोय

सकाळी साडेदहा वाजता हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात आठ जण एका फळ्यासमोर उभे राहतात. फळ्यावर रंगीत चिठ्ठ्या: करायचं, चालू, झालं. पंधरा मिनिटांत प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार आणि गाडी कुठे अडलीये. खुर्च्या मुद्दामच नसतात. पाय अवघडले की बोलणं आपोआप आवरतं घेतलं जातं. हे आमचं स्टँड-अप.

मी या धंद्यात आलो तेव्हा ही पद्धत नव्हती. आधी ग्राहकाच्या सगळ्या गरजा लिहून घ्यायच्या, मग आराखडा, मग कोड, शेवटी चाचणी. माझ्या पहिल्या प्रोजेक्टचं गरजांचं दस्तऐवज तीनशे पानांचं होतं. नऊ महिन्यांनी ग्राहकाने स्क्रीन पाहिली आणि शांतपणे म्हणाला, “लिहिलंय तसंच आहे. पण आम्हाला हे नको होतं.”

असे अनुभव जगभर येत होते. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात, स्नोबर्डच्या बर्फात 17 जण जमले आणि त्यांनी ‘अजाइल’चा छोटासा जाहीरनामा लिहिला: मूल्यं चार, तत्त्वं बारा. मथितार्थ असा, की कागदापेक्षा चालणारं सॉफ्टवेअर महत्त्वाचं, आणि गरज बदलली तर योजनेला कवटाळून बसू नये. आम्ही वापरतो ती ‘स्क्रम’ पद्धत त्याच्याही आधीची. तिचं नाव रग्बीतून आलेलं.

पद्धतीची खरी गंमत पत्त्यांच्या खेळात कळते. दर दोन आठवड्यांच्या स्प्रिंटच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या हातात आकड्यांची कार्डं असतात: 1, 2, 3, 5, 8, 13. आकडा म्हणजे तास नव्हेत, कामाचा अवघडपणा; त्याला स्टोरी पॉइंट म्हणतात. सगळ्यांनी कार्डं एकदम उलटायची, म्हणजे सीनियरचा आकडा बघून ज्युनियर आपला आकडा बदलत नाही. एकदा एका अमेरिकन विमा कंपनीसाठी ‘ग्राहकाला पत्ता बदलता यावा’ एवढंच काम होतं. सगळ्यांनी 3 टाकले, आमच्या टेस्टरने 13. सगळे हसले. ती म्हणाली, “गाडीच्या विम्याचा हप्ता पत्त्यावर ठरतो. राज्य बदललं तर पॉलिसीच नवी काढावी लागेल. त्याचं काय?” हसू विरलं. त्या एका कामाचे आम्ही चार तुकडे केले. पहिला तुकडा दोन आठवड्यांत ग्राहकाला चालवून दाखवला, तेव्हा तिकडून कळलं की राज्य बदलणारे लोक फोनच करतात. म्हणजे सगळ्यात किचकट तुकडा करायचीच गरज नव्हती. जुन्या पद्धतीत हे नऊ महिन्यांनी कळलं असतं.

पण हेच आकडे पुढे आमच्यावर उलटले. एका स्प्रिंटमध्ये पुऱ्या झालेल्या पॉइंटची बेरीज म्हणजे व्हेलॉसिटी. पुढचा अंदाज बांधण्यासाठी टीमने स्वतःपाशी ठेवायची ही पट्टी. आमची 32 च्या आसपास असायची. वरून विचारणा आली: शेजारची टीम 45 करते, तुम्हाला काय होतं? तीन स्प्रिंटमध्ये आम्ही 46 वर गेलो. काम तेवढंच होतं. 3 चं कार्ड 5 चं झालं होतं. स्नोबर्डच्या त्या 17 जणांपैकी रॉन जेफ्रीज यांनी पुढे लिहिलं, की स्टोरी पॉइंट कदाचित आपणच शोधले असावेत आणि तसं असेल तर आता त्याचं वाईट वाटतं. ते वाचून मला आमचे 46 आठवले.

आकडा राखायचा तर जे दिसत नाही ते मागे पडतं. जुना कोड साफ करायचं काम ‘पुढच्या स्प्रिंटला’ म्हणत आम्ही सात वेळा ढकललं. कागद कमी म्हणता म्हणता कागद उरलाच नाही. एक सहकारी नोकरी सोडून गेला, तेव्हा हप्त्याचं एक गणित तसं का लिहिलंय हे कुणालाच सांगता येईना. आणि करारात काम ठरलेलं, तारीखही ठरलेली असेल, तर लवचीक राहतो तो फक्त माणसांचा शनिवार.

मध्यंतरी ग्राहकाचा मॅनेजर कॉलवर यायला लागला. स्टँड-अप संध्याकाळी साडेसातला गेलं आणि त्याची हजेरी झाली. नवा आलेला एक मुलगा तीन दिवस ‘नो ब्लॉकर’, म्हणजे काहीच अडलेलं नाही, असं म्हणत होता. चौथ्या दिवशी चहाच्या टपरीवर म्हणाला, “दादा, सर्व्हरचा ॲक्सेसच मिळाला नाहीये. सगळ्यांसमोर कसं सांगू?”

आम्ही सकाळचं स्टँड-अप परत सुरू केलं, फक्त आठ जणांचं. पहिल्याच दिवशी मी सुरुवात केली: “मी दोन दिवस अडकलोय.” माझ्यानंतर आणखी तिघांनी तेच सांगितलं. त्या स्प्रिंटची व्हेलॉसिटी 29 भरली. संध्याकाळच्या कॉलवर तिचा जाब मला द्यावा लागला.