नव्वदीतला सचिन घाबरत नव्हता

'सचिन नव्वदीत घाबरायचा. विक्रमच आहे ना त्याच्या नावावर!' रत्नागिरीतल्या चहाच्या टपरीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत हे वाक्य इतक्या खात्रीने फेकलं जातं, की आता त्याचा हिशेबच मांडायला हवा. विक्रम खरा आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सचिन तेंडुलकरचे २८ डाव नव्वदीत थांबले. त्यांपैकी एकदा तो नाबाद होता. पण याच माणसाची शतकं १०० आहेत. म्हणजे तो १२८ वेळा नव्वदीत पोचला आणि शंभर वेळा तिथून पार झाला. कसोटीत द्रविड आणि स्टीव्ह वॉ हेही त्याच्यासारखेच दहा-दहा वेळा नव्वदीत अडकले. हे तिघं भित्रे असतील, तर शूर कोणाला म्हणायचं? जो कधी ऐंशीपर्यंतच पोचला नाही, त्याला?

यावर कोणी म्हणेल, 'पण धावांच्या इतर टप्प्यांपेक्षा तो नव्वदीत जास्त बाद झाला असेल तर?' प्रश्न रास्त आहे आणि तो तपासताही येतो. कसोटीत सचिनची सरासरी ५३.७८. इतक्या सरासरीचा फलंदाज कोणत्याही दहा धावांच्या टप्प्यात बाद होण्याची शक्यता साधारण १७ टक्के निघते. सचिन कसोटीत ६१ वेळा नव्वदीत पोचला आणि दहा वेळा अडकला: १६ टक्के. वेगळी भीती दिसते कुठे? एकदिवसीय सामन्यांत मात्र हे प्रमाण अपेक्षेपेक्षा थोडं जास्त आहे, हे मान्य करायलाच हवं. २००७ मध्ये बेलफास्ट, ब्रिस्टल आणि मोहाली इथे तो तीनदा ९९ वर बाद झाला. पण हिशेब केला तर तो फरक ४६३ सामन्यांत अवघ्या तीन-चार डावांचा आहे, आणि झटपट धावा काढताना विकेट पडतेच. तेवढ्यावर कोणाचा स्वभाव ठरवणं हा आकड्यांवरचा अन्याय आहे.

बास्केटबॉलमध्येही हाच घोळ होतो. बास्केटकडे फेकायच्या आधीच चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला, की तो टर्नओव्हर. एनबीए या अमेरिकी लीगच्या इतिहासात सर्वाधिक टर्नओव्हर लेब्रॉन जेम्सचे, पाच हजारांहून जास्त. पण चाळीस हजारांहून जास्त गुण आणि अकरा हजारांहून जास्त असिस्टही (सहकाऱ्याला थेट गुण मिळवून देणारे पास) त्याचेच. असिस्टचा विक्रम ज्याच्या नावावर आहे, तो जॉन स्टॉकटनही या यादीत वरच्याच रांगेत. हापूसच्या बागेत दिवसभर झेल्याने आंबे उतरवणाऱ्याच्याच हातून ते निसटतात. झाडाखाली करंड्या मोजणाऱ्याच्या हातून एकही नाही.

आता किरकोळ गैरसमज. 'जुने खेळाडू चेंडू कमी गमवायचे': एनबीएत खेळाडूंचे टर्नओव्हर १९७७-७८ पासून मोजले जातात, त्याआधी निवृत्त झालेल्या ऑस्कर रॉबर्टसनची पाटी म्हणूनच कोरी आहे. 'टर्नओव्हर म्हणजे चुकलेला पासच': नाही, पाय चुकून चेंडू गमावला तरी तो टर्नओव्हरच. 'शून्यांचा विक्रम म्हणजे खेळाडू टाकाऊ': आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सर्वाधिक शून्यं मुरलीधरनची, आणि कसोटीत ८०० बळीही त्याचेच.

तेव्हा नकोशा विक्रमाचा आकडा कोणी तोंडावर फेकला, तर एकच विचारावं: किती संधींपैकी? उत्तर नसेल, तर तो आकडा पुरावा नाही, नुसता टोमणा आहे.