घंगाळात बुडालेलं गलबत

कॅनडा आणि अमेरिकेच्या सीमेवर ह्यूरन नावाचं एक सरोवर आहे. सरोवर म्हटल्यावर गावाबाहेरचं तळं डोळ्यांपुढे आणू नका हं! महाराष्ट्राचे पाच भाग केले, तर त्यातला एक भाग जवळजवळ अख्खा बुडेल, एवढं ते मोठं आहे. त्याच्या कॅनडाकडच्या काठावर टोबरमोरी नावाचं छोटंसं गाव आहे आणि गावाजवळच पाण्याचा एक चिंचोळा फाटा आत घुसलाय. त्याचं नाव ‘बिग टब’. म्हणजे चक्क मोठं घंगाळ!

या घंगाळाच्या तळाशी एक लाकडी गलबत बसलंय. पाणी इतकं नितळ, की काचेच्या तळाच्या बोटीतून लोक ते कोरड्या कपड्यांनी बघतात. पाणबुडे तर थेट खालीच जातात. फार खोल नाही, जेमतेम सहा मीटर. दुमजली घराच्या गच्चीवरून अंगणात उतरावं तेवढंच.

गलबताचं नाव ‘स्वीपस्टेक्स’. शर्यतीत लावलेले सगळे पैसे जिंकणाऱ्याला मिळतात ना, त्याला इंग्रजीत असं म्हणतात. नाव असं, नशीब मात्र वेगळंच! १८६७ साली बांधलेलं हे दोन डोलकाठ्यांचं मालवाहू जहाज. या जातीला स्कूनर म्हणतात. लांबी ३६ मीटर, म्हणजे एसटीच्या तीन गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढी. ऑगस्ट १८८५ मध्ये कोव्ह आयलंड नावाच्या बेटाजवळ त्याला मोठी इजा झाली. ओढत ओढत ते बिग टबमध्ये आणलं, पण सप्टेंबरात ते तिथेच बुडालं. पोटातला कोळसा लोकांनी काढून नेला. जहाज राहिलं.

डोलकाठ्या आता नाहीत, मागची बाजू ढासळलीय. पण बाकी सांगाडा जागच्या जागी! नांगर वर ओढायचा रहाटसुद्धा पुढच्या टोकाला तसाच आहे. एवढी वर्षं पाण्यात राहून लाकूड खलास कसं झालं नाही?

कारण त्याला खाणारा तिथे पोचूच शकत नाही. हा खादाड राहतो समुद्रात. नाव टेरेडो. दिसतो गांडुळासारखा, पण आहे तिसऱ्या-कालवांच्या खानदानातला. अंग लांबलचक, मऊ आणि तोंडाशी दोन इवल्या, कानशीसारख्या खरखरीत शिंपल्या. त्यांनी तो लाकूड किसतो आणि तो कीस चक्क खातो! पचवायला त्याच्या कल्ल्यांतले जिवाणू मदत करतात. अगदी बारीक पिल्लू असताना तो लाकडात शिरतो, आतच वाढतो आणि पुन्हा कधी बाहेर येत नाही. बाहेरून फळी ठणठणीत, आतून चाळण. पण त्याला लागतं खारं पाणी. ह्यूरनचं पाणी गोडं, त्यामुळे तिथे त्याची डाळ शिजत नाही.

शेजारच्या मिशिगन सरोवरातली गंमत तर याहून भारी. १९१२ च्या नोव्हेंबरात ‘राऊज सिमन्स’ नावाचा स्कूनर नाताळची झाडं घेऊन शिकागोला निघाला आणि वादळात बुडाला. १९७१ मध्ये तो सुमारे ५० मीटर खोल सापडला. पोटात झाडं होती आणि काहींवर सुईसारखी पानंही शिल्लक होती! तिथे गोड्या पाण्याच्या जोडीला थंडीही आहे. गोडं पाणी ४ अंश सेल्सियसला सगळ्यात जड होतं आणि तळाशी जाऊन बसतं. अशा गारठ्यात कुजवणारे जिवाणूही सुस्तावतात. फ्रिजच म्हणा ना!

मग स्वीपस्टेक्सला आता भीती कुणाची? थोडी पाणबुड्यांची! ते श्वास सोडतात तेव्हा बुडबुडे वर जातात. जहाजाच्या आत असतील तर ते छताला अडकतात, खालून ढकलत राहतात आणि तिथे हवा साठली की लाकूड लवकर खराब होतं. म्हणून आत शिरायचं नाही, बाहेरूनच पोहत बघायचं.

टेरेडोची करामत बघायला मात्र कॅनडाला जायला नको. कोकणात गेलात, की किनाऱ्यावर वाहून आलेला एखादा जुना ओंडका शोधा. त्यात बोट जाईल अशी गोल भोकं असतील आणि भोकांना आतून पांढऱ्या चुन्याचा पातळ गिलावा असेल, तर ते त्याचंच घर. बोट घालण्याआधी आत खेकडा नाही ना, एवढं बघून घ्या!