पर्शियन मांजराच्या पोटातील केसांचा गोळा

मांजराची जीभ खरखरीत लागते, कारण तिच्यावर केराटिनचे, म्हणजे नखे ज्या द्रव्याची बनतात त्याच द्रव्याचे, घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात. अंग चाटताना त्यांत अडकलेला केस थुंकता येत नाही, तो गिळावाच लागतो. असे बहुतेक केस विष्ठेवाटे निघून जातात, परंतु जठरात मागे राहिलेले केस एकमेकांत गुंतून त्यांचा गोळा होतो आणि मांजर तो ओकून टाकते. अन्ननलिकेत दाबला गेल्याने तो बोटासारखा लांबट दिसतो व पुष्कळदा विष्ठा समजून झाडून टाकला जातो.

पर्शियन मांजराच्या दाट फरमुळे हा त्रास अधिक संभवतो. दिवस मोठा होऊ लागला की, म्हणजे सांगली-मिरजेकडे ऊन तापू लागते त्याच सुमारास, आतले मऊ केस अधिक गळतात. महाबळेश्वर, पाटणकडच्या पावसाळी दमट हवेत ओलसर राहिलेल्या फरचे गुठळे होतात. म्हणून केस जिभेवर जाण्याआधी फणीत येणे हाच खरा उपाय होय. स्टीलची फणी रोज फिरवावी. कानामागे, काखेत, पोटाखाली आणि मागच्या मांड्यांवर गुंता आधी होतो, तेथे केस मुळाशी चिमटीत धरून टोकाकडून सोडवावेत, म्हणजे कातडी ओढली जात नाही.

दूधपोळीवर वाढवलेल्या मांजराला पुरेसे मांसजन्य प्रथिन मिळत नाही, शिवाय अनेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाही. मांसाहारासोबत चमचाभर उकडलेला, बिनमिठाचा लाल भोपळा तंतू पुरवतो आणि भरपूर पाण्याने आतड्यातील वहन सुकर होते. बळेच तोंडात ओतलेले तेल मात्र श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा गंभीर दाह होऊ शकतो, म्हणून हा घरगुती उपाय कटाक्षाने टाळावा. अंगावर पिसवा असतील तर मांजर अधिक चाटते. तेव्हा आधी पिसवांचा बंदोबस्त करावा.



वारंवार उबळ येऊनही काही बाहेर न पडणे, अन्न सोडणे, पोट फुगणे ही आतडे तुंबल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे.