सूर्यघर, सौरपंप, सौर वाहिनी: तीन योजनांची गल्लत

छतावर सोलर बसवले की महावितरणशी संबंध संपला, हा समज शहरात आहे तसा मळ्यातही आहे. खरे तर सरकारच्या बहुतेक सौर योजना महावितरणच्या तारेवरच उभ्या आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली ‘पीएम सूर्यघर’ योजना घ्या. ‘दरमहा 300 युनिटपर्यंत मोफत’ हे वाचून वाटते की सरकार तेवढी वीज फुकट पाठवणार. प्रत्यक्षात ती वीज आपल्याच छतावर तयार व्हायची असते. एक किलोवॅटचा संच दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणून तीन किलोवॅटमधून महिन्याला तीनशेच्या वर युनिट निघू शकतात. सरकार देते ते अनुदान: पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, म्हणजे जास्तीत जास्त 78 हजार रुपये. त्यापुढे संच कितीही मोठा केला तरी घरगुती ग्राहकाचे अनुदान वाढत नाही. दिवसाची शिल्लक वीज तारेत जाते, रात्री आपण तारेतून घेतो आणि नेट मीटर दोन्हींची वजाबाकी करतो. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. आणि लाईट गेली की बॅटरी नसलेला असा संचही बंद पडतो. तो बिघाड नसतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम थांबतो. भारनियमनातून सुटका म्हणून पॅनल घेणाऱ्याला हे आधीच सांगायला हवे. विक्रेते ते फारसे सांगत नाहीत.

आपल्याकडचे ऊन कडक, म्हणून वीज भरपूर, हेही अर्धेच खरे आहे. पॅनलला उजेड लागतो, उष्णता नको असते. 25 अंशांच्या वर पॅनलचे तापमान जसजसे चढते तसतशी दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के क्षमता घटते, आणि वैशाखात पॅनल हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. बारामती-इंदापूरचा खरा फायदा वेगळा आहे. हा पर्जन्यछायेचा पट्टा असल्याने वर्षात ढगाळ दिवस कमी असतात. तोटा धुळीचा. पॅनल वरचेवर सकाळी धुतले नाहीत, तर ऊन असूनही युनिट कमी पडतात.

पण सर्वांत महागात पडणारी गल्लत शेतीतली आहे. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ आणि ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी’ या योजना अनेकांना एकच वाटतात. पहिलीत शेतकरी 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर 5 टक्के रक्कम भरतो आणि जमिनीच्या प्रमाणात 3 ते 7.5 अश्वशक्तीचा स्वतंत्र पंप मिळतो. पाण्याचा स्रोत आहे पण वीजजोडणी नाही, अशांसाठी ती आहे. विहिरीवर, शेततळ्यावर तो पंप उत्तम चालतो. इंदापूर तालुक्यातल्या डाळजची गोष्ट निराळी. इथले ऊस-केळीचे मळे उजनी धरणाच्या फुगवट्यावर जगतात. उन्हाळ्यात पाणी मागे सरकते तशी मोटार आणि पाइप पुढे न्यावे लागतात, आणि लांबच्या उपशाला मोठी मोटार लागते. एका जागी रोवलेले पॅनल आणि सकाळ-संध्याकाळी मंदावणारा पंप तिथे पुरा पडत नाही. तिथे लागू पडते ती वाहिनी योजना. सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभा राहतो, शेतीचा फीडर दिवसा त्यावर चालतो आणि आपली मोटार, आपली जोडणी जशीच्या तशी राहते. 2017 मध्ये सुरू झालेल्या या योजनेला 2023 मध्ये दुसऱ्या टप्प्यात मोठे रूप मिळाले.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल 2024 पासून माफ आहे आणि ही सवलत मार्च 2029 पर्यंत चालणार आहे, मग सौर कशाला? बिल माफ झाल्याने विजेची पाळी दिवसाची होत नाही. उसात रात्री पाणी धरताना साप-बिबट्याची भीती असतेच. शिवाय माफ केलेल्या विजेचे पैसे कोणीतरी देतच असते: तिजोरी किंवा जादा दर मोजणारे उद्योग. सौर प्रकल्पांची वीज युनिटला सुमारे तीन रुपयांत मिळते, म्हणून हा भार हलका होतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: छत आणि भांडवल असलेल्यालाच अनुदान मिळते. ते बऱ्याच अंशी खरे आहे. सोसायटीच्या सामाईक विजेसाठी किलोवॅटमागे 18 हजारांचे अनुदान आहे. पुणे महापालिका सौर, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांपैकी एक उपाय केल्यास मिळकतकरात 5 टक्के आणि दोन केल्यास 10 टक्के सूट देते. पण भाडेकरूच्या हाती यातले थेट काही येत नाही. धोरणाची ही उणीव मान्य करून भरून काढायला हवी. तिच्यापायी सगळी योजना फोल ठरत नाही.

तेव्हा अर्ज भरण्याआधी वर्षभराची बिले काढून दरमहाची युनिटे पाहा आणि तेवढाच संच घ्या. उजनीकाठच्या गावांनी सौर वाहिनीचा विषय ग्रामसभेत घ्यावा. सबस्टेशनजवळच्या पडीक जमिनीला या योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आहे, आणि प्रकल्प झाला तर ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपये मिळण्याची तरतूदही आहे.