माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा व कयाधू या नद्यांच्या काठी काळ्या, कसदार जमिनीचे पट्टे आहेत. तेथून औंढा, सेनगाव किंवा कळमनुरीच्या चढावाकडे वळले, की मुरमाड माळ लागतात आणि त्यांवर पळस, बोरी, खैर यांची विरळ झाडे दिसतात. काळ्या जमिनीला सर्वत्र मान आहे. माळाला मात्र दप्तरात व बोलण्यात एकच नाव लाभले आहे, ते म्हणजे पडीक. या एका नावामुळे माळाचे जेवढे नुकसान झाले, तेवढे दुष्काळानेही झाले नसेल.

वस्तुतः माळ हे उजाड झालेले अरण्य नव्हे. उथळ माती, चार महिन्यांचा पाऊस, आठ महिन्यांचा कोरडा काळ, चराई व अधूनमधून लागणारा वणवा यांतून ही सृष्टी घडली आहे. येथे गवत हा यजमान आणि वृक्ष हा पाहुणा होय. गवताची खरी संपत्ती जमिनीखाली, मुळांत साठलेली असते. म्हणूनच वैशाखात करपलेला माळ मृगाच्या सरींनी हिरवा होतो. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी ग्रंथांतील व ओव्यांतील वनस्पतींचे उल्लेख तपासून २०२५ साली असे दाखविले, की पश्चिम महाराष्ट्रातील माळांचे हे रूप किमान साडेसातशे वर्षांचे आहे.

मग माळ बिघडतो कसा? चराई हाताबाहेर गेली म्हणजे मारवेल, पवन्या, डोंगरी यांसारखी सकस, बहुवर्षायू गवते प्रथम नाहीशी होतात. त्यांच्या मागे कुसळी उरते आणि पुढे नुसता मुरूम. मोकळ्या जागेत घाणेरी, वेडी बाभूळ व गाजरगवत ही अमेरिकेकडून आलेली मंडळी ठाण मांडतात. उरलेसुरले नुकसान सद्हेतूने होते. वृक्षारोपणाच्या उत्साहात माळावर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ दाटीने लावली जाते. तिच्या सावलीत ऊन मागणारे गवत मरते, आणि गवतात अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचे घरच जाते.

म्हणून माळाच्या पुनरुज्जीवनाचा क्रम वेगळा आहे. स्वयंसेवकांनी प्रथम कुदळ नव्हे, तर नजर वापरावी. भाद्रपद-आश्विनात माळ पायी हिंडून कोणते गवत कोठे तग धरून आहे, याची नोंद करावी. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटावे. घाणेरी नुसती छाटल्यास पुन्हा फुटते. तिच्या बुंध्याच्या गड्ड्याखाली घाव घालून झुडूप उलटे टाकावे. पावसाळ्यात काही भाग चराईस बंद ठेवावा. गवत पिकून बी झडल्यावर ते विळ्याने कापून न्यावे, म्हणजे गुरांना चारा मिळतो आणि बंदी गावाला जाचत नाही. जेथे बी उरलेच नाही, तेथे शेजारच्या माळावरून जमविलेले बी पहिल्या पावसाबरोबर विखरावे. झाडे लावावयाचीच असतील, तर ती खैर, हिवर, पळस अशी तेथलीच असावीत, आणि विरळ असावीत.

हे केवळ पुस्तकी नव्हे. हिंगोलीच्या उत्तरेस लागूनच असलेल्या वाशीम जिल्ह्यात व पलीकडे अकोल्यात ‘संवेदना’ या संस्थेने कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या पुढाकाराने फासेपारधी समाजाबरोबर गवताळ माळांच्या रक्षणाचे काम केले आहे. या समाजाच्या कपाळी १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का लोकांच्या मनात राहिला. तित्तिर कोठे बसतो, तणमोर कोणत्या गवतात घरटे करतो, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या शिकारीसाठी जपलेले होते. तेच आता राखणीच्या कामी आले. पावसाळ्यात गवतातून उंच उडी घेणारा तणमोर आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. माळ राखला तरच तो टिकेल. आणि माळाबरोबर ते ज्ञानही टिकेल.

वृक्षप्रेम ही चांगलीच गोष्ट आहे. पण प्रेम आंधळे असू नये. पुढील पावसाळ्यात रोपे घेऊन निघणाऱ्या तरुण मंडळांनी खड्डा खणण्यापूर्वी गावच्या गुराख्याला एवढेच विचारावे, की या जागी पूर्वी कोणते गवत होते. त्याला नावे आठवत आहेत, तोवरच हे काम सोपे आहे.