साहेब कडक आहे की छळतो आहे?

जालन्याच्या एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधून रात्रपाळी करून माणूस घरी येतो, धड जेवत नाही, लेकरांवर खेकसतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो. घरातली बाई म्हणते, "भट्टीच्या धगीने होत असेल." असेलही. पण धगीबद्दल माणूस बोलून दाखवतो. जे बोलून दाखवत नाही ते बहुधा वेगळेच असते.

आम्ही कारकून. वीस वर्षे फायली वाहिल्या, बोलणीही खाल्ली. चूक झाली आणि साहेबाने झापले, तर तो छळ नव्हे. आमची ओळखायची खूण साधी आहे. चूक सुधारली तरी बोलणे थांबत नाही आणि तीच चूक दुसऱ्याने केली तर चालते. रजा तुमचीच नामंजूर होते, जड काम तुमच्याच वाट्याला येते. पाच जणांत "सवलतीतून आलेला" असा टोमणा, सगळ्यांचा चहा कपात आणि तुमचा निराळ्या ग्लासात. ही शिस्त नाही.

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. शिक्षण अमेरिकेचे आणि लंडनचे, पण कचेरीतले शिपाई फायली दुरून टेबलावर फेकत. प्यायला पाणी मिळत नसे. पारशी धर्मशाळेत राहत होते तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला लावली. त्यांनी महाराजांना कळवले, महाराजांनी ते दिवाणांकडे पाठवले आणि दिवाणांनी हात वर केले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथेही माठातल्या पाण्यावरून सहकाऱ्यांची हरकत! म्हणून म्हणतो, असा त्रास होणे ही आपल्या लायकीची कमतरता नव्हे. लाज वाटायची तर ती फेकणाऱ्याला.

आमच्या पहिल्या नोकरीत एक वरिष्ठ रजिस्टर असेच फेकत असत. आम्ही वर्षभर मुकाट उचलले. एके दिवशी राजीनामा लिहायला बसलो. एक म्हातारा शिपाई पाहत होता. तो म्हणाला, "कागद घेतलाच आहे तर अर्ज लिहा की, बापू." आम्ही अर्ज लिहिला, आवक शिक्का मारून घेतला. मोठे साहेब दोघांनाही बोलावून समज देऊन मोकळे झाले. फेकणे थांबले. ते वरिष्ठ मात्र पुढे दोन वर्षे आमच्याशी बोलले नाहीत. आम्हाला ते परवडले.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे एक वही. तारीख, वेळ, शब्द जसेच्या तसे, कोण हजर होते. अर्ज दोन प्रतींत करावा, एकीवर पोच घ्यावी. कोऱ्या कागदावर सही मुळीच नको. ठेकेदाराच्या माणसाला हे सांगणे सोपे आहे, करणे अवघड. उद्या गेटवर "काम नाही" म्हणतील. त्याने एकट्याने जाऊ नये. चार जण मिळून, युनियन असेल तर तिला घेऊन जावे.

चार लोकांदेखत जातीवरून शिवी दिली, अपमान केला तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला, हे अजून काहींना ठाऊक नसते. मात्र २०२० च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितले, की चार भिंतींआड, बाहेरचे कोणी ऐकायला नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही. साक्षीदाराचे नाव वहीत हवे ते याचसाठी.

भगिनींसाठी २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान जागा असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. धुणीभांडी करणाऱ्या बायांनाही ती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी.

आता एक कडू गोष्ट. आपलाच माणूस मुकादम झाला की हाताखालच्या मातंग बांधवाला, परप्रांतीय पोराला कसा हाक मारतो, तेही आम्ही ऐकले आहे. त्यांच्याही हातात वही असू शकते.

घरच्यांनी त्या भिंतीकडे वळलेल्या माणसाला "नोकरी सोडू नका हं" हे आधी म्हणू नये. आधी चहा द्यावा आणि आज कामावर काय झाले ते विचारावे. पहिल्या दिवशी तो काही सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.